न दुखणारा पाय

मी एक जुना रबरी पुतळा आहे. मानवजातीच्या असंख्य वेदना मी स्वतःच्या अंगावर झेलल्या आहेत. मला त्या होत नाहीत, एवढंच.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात, साच्यातून झाला. माझ्या हातभर अंगावर एका बाईने बारीक कुंचल्याने रेघा आणि ठिपके काढले. सुई कुठे टोचायची, ते या ठिपक्यांवरून कळतं. चेहऱ्यावर हसू काढायला ती विसरली, त्यामुळे मी पहिल्यापासूनच विचारवंत दिसतो.

पुढे मी एका अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात लागलो. नवा पेशंट घाबरत आला की डॉक्टरबाई कोऱ्या पाकिटातून केसासारखी सुई काढत आणि माझ्या डाव्या पावलात टोचत. "बघा, हा ओरडला का?" पेशंट हसे. मग त्या समजावून सांगत. सुई दर वेळी नवी असते. टोचताना मुंगी चावल्याएवढं कळतं. मग तिथे जरा जड वाटतं. थोडा वेळ हलायचं नाही. "जड वाटलं की समजा, लागू पडली." जाताना लोक म्हणत, "गुणी आहे हो तुमचा बाहुला!"

मग एक शिंपी आला, बायकोसोबत. त्याचा गुडघा धरला होता. त्याचं घर पायमशीनवर चालत होतं आणि मशीन गुडघ्यावर. साखरेचा आजार "थोडासा" आहे, असं तो म्हणाला. तो शब्द बाईंना आवडला. त्यांनी पुढे विचारलं नाही.

गुडघ्यातल्या सुईला तो "आई गं" म्हणाला. पावलातल्या सुईला काहीच म्हणाला नाही.

"टोचा ना मॅडम, थांबलात का?"

"कधीच टोचली!"

"हात आहे का कापूस!"

जड वाटलं तर सुई लागू पडली, नाही वाटलं तर बाईंचा हात हलका. बाईंना चुकायला कुठे जागाच नव्हती.

"यांचं काही विचारू नका," बायको कौतुकाने म्हणाली. "परवा एकाच चपलेवर घरी आले. म्हटलं, अहो, दुसरी कुठंय? तर म्हणतात, आहे की पायात!"

सगळा दवाखाना हसला. तेव्हापासून नव्या पेशंटांना धीर द्यायला बाई शिंप्याचं पाऊल दाखवू लागल्या. तोही ऐटीत पाय पुढे करी. मी कपाटावर गेलो. धूळ खात वरून बघत राहिलो. सुई न कळणं हा माझा गुण खरा, पण मी रबराचा आहे. माणसाच्या पायाला तो शोभत नाही, हे मला दिसत होतं. सांगणार कसा? माझं तोंड रंगवलेलं आहे.

गुडघा मात्र खरंच मोकळा झाला. शिंपी दणादण मशीन मारू लागला. मशीनची तुटून पडलेली एक सुई त्याच्या डाव्या तळव्यात शिरली, ती कधी, हे त्याला आजही सांगता येत नाही. शेवटी वास बायकोला आला. इस्पितळाने पाय घोट्याच्या वरून काढला.

बाईंनी मला पुसलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, कळकळीची विनंती आहे. सुई कळली नाही तर खुश होऊ नका, तसं स्पष्ट सांगा. आजार थोडासा असला तरी पूर्ण सांगा. रोज आपले तळवे बघा. आणि आम्हा पुतळ्यांवरून अधूनमधून फडकं फिरवा.

परवा शिंपी कुबड्या घेऊन आला.

"मॅडम, आता दुखतंय हो. डावं पाऊल. झोप नाही."

"अहो, पण ते आहे कुठे?"

"पाऊल गेलं. दुखणं ठेवून गेलं."

"मग मी टोचू कुठे?"

शिंप्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "त्याच्या टोचा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोरं पाकीट फोडलं आणि माझ्या डाव्या पावलात सुई टोचली. शिंपी डोळे मिटून बसला.

मला काही कळलं नाही.