टॉवेलाखालचा भाव

गुंडाची अँबॅसिडर किती हळू चालायची, ते आटपाडीत कुणालाही विचारा. खरसुंडीच्या जत्रेतनं एकदा त्यानं गाभण शेळी डिकीत घातली, तर घर येईस्तोवर तिची करडं चारा खायला लागली होती. पटत नसेल तर शेळीलाच विचारा म्हटलं असतं, पण ती आता नाही.

मलकापूरहून आलेला इलाही त्याच गाडीभोवती फिरत होता. तरुणपणी दोघं बैलबाजारातले दलाल. पुढं बैल सरले, इलाही जुन्या गाड्यांच्या धंद्यात पडला. तरी अजून तो बॉनेट उघडायचा ते बैलाचा जबडा उघडल्यासारखंच. पत्रा गंजलेला, टायर झिजलेले, इंजिन मात्र खणखणीत. साठ हजार, त्यानं मनात बांधलं. एक रुपया कमी नको की जास्त नको.

दिवाळीच्या तोंडावर गुंडाच्या अंगावरनं वारं गेलं होतं. हातपाय परत हलायला लागले, पण गाडी चालवणं सुटलं. आता वीरधवल बापाला सांगलीच्या फ्लॅटवर न्यायला आला होता.

"भंगारवाला पंचवीस देतोय तात्या. सोडा की."

"भंगारात आदी मला घाल," गुंडा म्हणाला. "हिचा खरा भाव व्हईल, तवाच मी दारातनं हालंल. आन् त्यो भाव ह्या हातावर व्हईल. ये रं इलाही."

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. एका बोटाला दहा हजार धरायचे, असं ठरलं. गुंडानं खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला.

इलाहीनं तीन बोटं दाबली. रीतच ती, निम्म्यापासनं सुरुवात. आता गुंडा हात झटकणार, इलाहीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, चहा दोनदा निवणार, मग कुठं गाडी साठाला येणार. त्या शिव्या ऐकायलाच तर तो एवढ्या लांब आला होता.

"दिली," गुंडा म्हणाला.

 ह्या माणसानं एकदा म्हातारा बैल वासरू म्हणून विकला होता, आणि घेणारा पेढे वाटत गेला होता. तो तिसाला 'दिली' म्हणतो? इलाहीनं टॉवेलाखाली त्याच्या अंगठ्यात नख रुतवलं. चांगलं जोर लावून रुतवलं.

गुंडा लेकाकडं बघत मिशीत हसत होता.

नख त्याला कळलंच नव्हतं. हात हलत होता, पण हातात कुणीच नव्हतं.

"किती ठरलं, चाचा?" वीरधवलनं विचारलं.

"साठ," इलाही म्हणाला. "सोलून काढलं तुज्या बापानं."

गुंडाचे डोळे क्षणभर इलाहीवर थांबले. मग त्यानं छाती काढली. "न्हाईतर काय. चाळीस म्हणत व्हता गडी. असा हात झटकला मी, का इच्यार त्याला."

"व्हय," इलाही म्हणाला. "लय जोरात झटकला."

"तुमी शिकल्याल्या पोरांनी भंगारात घातली असती," गुंडा लेकाला म्हणाला. मग गाडीनं पावसात मायणीचा तलाव पोहून पार केल्याची गोष्ट त्यानं काढली, आणि रंगवून रंगवून सांगू लागला.

टॉवेलाखाली इलाहीनं त्याचा हात अजून घट्ट धरून ठेवला होता. गुंडाला ते ठाऊक नव्हतं.