पिंपाच्या झाकणावरचं सत्तावीस

दातिवऱ्याच्या काशीबाईंनी आपली लेक मंजुळा गुजरातेत ओख्याच्या वामनला दिली, ते साल १९९०. त्याच साली मी दातिवऱ्यात आलो. मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. जन्माने मात्र पिंपाचं लाकडी झाकण. कुंभवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात निळ्या भुकटीचं पिंप झाकून मी बसलेला असे. पिंप मोडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नरहरीने मला गावी आणलं, काळा रंग दिला आणि देवळाच्या ओट्यावर टेकवलं. दर रविवारी दुपारी, सुकत घातलेली मासळी उलटून झाली की, कोळणी माझ्यासमोर अक्षरं गिरवायला बसत.

नरहरीला एक नाद होता. एस्पेरांतो नावाची भाषा तो टपालाने शिकत होता. सगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम रचलेली ती भाषा. तिचे आकडे त्याने माझ्या कडेने पांढऱ्या रंगात लिहिले होते: उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाऊ, देक. बायका त्यांना रांगोळी समजत.

पुढच्या वर्षी सुका नावाचा गावचा खलाशी ओख्याहून निरोप घेऊन आला.

"काशीकाकी, मंजुळाला सातवा म्हयना लागलाय. तिच्या घराशेजारच्या बर्फाच्या कारखान्यात फोन करा. तुमचं बोलावनं आल्याबिगर पयल्या बाळंतपणाला पाठवनार नाय म्हनतात सासरचे. आनि आठव्यात परवास नाय."

त्याने नंबर सांगितला. काशीबाईंनी तो स्वतःच्या हाताने माझ्यावर लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची अक्षरं कामाला येत होती. मला टोपलीत घालून त्या सफाळ्याच्या फोनच्या दुकानात गेल्या.

"मावशी, हे झाकण कशाला आणलंत?" दुकानदार हसला.

"फोन लाव गपचूप. माज्या लेकीचा नंबर हाय त्याच्यावर."

पलीकडून कुणी परका माणूस गुजरातीत खेकसला. तीनदा लावला, तीनदा तोच माणूस. काशीबाई मला छातीशी धरून परत आल्या. सातवा महिना संपायला आठ दिवस उरले होते. सुका पुन्हा समुद्रात गेला होता.

रविवारी वर्गात शेजारी बसणारी हिराबाई म्हणाली, "काशे, लेकीऐवजी कोनाला उठवलंस गो?" ओटा हसला. नरहरी हसला नाही.

"मावशी, सुका बोलला ते जसंच्या तसं सांगा."

"सत्तावीस, सेहेचाळीस. मी इसरनार नाय."

माझ्यावर होतं ७२ ६४. सत्तावीस म्हणताना आधी सात ऐकू येतो, मग वीस. काशीबाईंनी कानाला आलं तसं लिहिलं होतं. नरहरीने माझ्या कडेवर बोट ठेवलं.

"या भाषेत सत्तावीस म्हणजे दुदेक सेप. दु म्हणजे दोन, देक म्हणजे दहा, सेप म्हणजे सात. दोन दहा, सात. बोलतात त्याच क्रमाने लिहितात."

काशीबाईंनी कडेवरचे आकडे बोटाने चाचपले. मग म्हणाल्या, "यात नवीन काय रं? आमी मासं तसंच मोजतो. विसाचं ढीग आधी, सुटं मागनं. तीन विसा नि पाच."

"मग आकडेही तसेच लिहा. ढीग आधी, सुटे मागून."

त्यांनी पदराने मला पुसलं आणि हळूहळू लिहिलं: दोन दहा, सात, चार दहा, सहा. २७ ४६.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. बर्फवाल्याने मंजुळाला हाक मारली.

"आये? मला वाटलं तू इसरलीस."

"इसरते कशी! वामनला सांग, परवा न्यायला येतेय."

मंजुळा माहेरी आली. तिला मुलगी झाली. काशीबाईंनी तो नंबर माझ्या पाठीवर होडीच्या रंगाने पक्का लिहिला.

पुढे वर्ग बंद पडला. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून गेलो. पावसाने माझी कड फुगली, दु आणि त्रि पुसले गेले. तक्रार नाही. पण मित्रांनो, कुणी आकडे उलटे लिहिले तर हसण्याआधी त्याच्या कानाला काय आलं ते विचारा. आणि ज्या फळीवर कुणी पहिल्यांदा लिहिलं, ती फळी ओलीत टाकू नका.

काशीबाई १९९८ सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी वारल्या. हिराबाईने मला खुराड्यावरून उतरवलं, पाठीवरची कोंबड्यांची घाण पुसली आणि २७ ४६ वाचून मंजुळाला फोन लावला.