तीनदा नाही

"तूबा खानम, तुम्ही घरी जा. मी थांबतो इथं," आमचे व्यवस्थापक आगा सद्री म्हणाले.

"छे, छे, तुम्ही जा. लेकरं वाट बघत असतील. मी आहे ना."

आमच्या इराणात, त्यातून काशानमध्ये, अशा वेळी दोघंही रीत म्हणून तीनदा नाही म्हणतात, मग कुणीतरी हो म्हणतं. मी एकदा म्हटलं आणि या गृहस्थानं कोट उचलला. "अल्ला तुमचं भलं करो," म्हणाला आणि गेलासुद्धा. मी तोंडात मारल्यासारखी उभी. दुपारी नवरोज, वर्ष पालटायचं, आणि जुन्या गालिचा-व्यापाऱ्याची ही हवेली, तिच्यात केलेलं संग्रहालय, तिथले सगळे पाहुणे माझ्या गळ्यात.

एरवी मनातल्या मनात चार शिव्या हासडून कामाला लागले असते. पण आज अफसर यायची होती, माझी धाकटी बहीण, इस्फहानहून. दोन वर्षांचा अबोला मोडून कालच तिनं फोन केला होता, "आबजी, नवरोजला तुझ्याकडे येऊ?" आबजी म्हणजे ताई. वर्ष पालटताना माणूस ज्याच्याजवळ असतो, वर्षभर त्याच्याचजवळ राहतो, असं आई म्हणायची.

भांडण आईच्या समोवारवरून, चहाच्या बंबावरून झालेलं. आई गेल्यावर मी अफसरला म्हटलं, "चहाचा समोवार तू ने." ती नाही म्हणेल, मी आग्रह करीन, ती पुन्हा नाही म्हणेल आणि शेवटी समोवार माझ्याच घरी येईल, हे मी धरूनच चालले होते. ती म्हणाली, "बरं." चादरीत गुंडाळून घेऊनही गेली. मला त्या समोवारपेक्षा त्या 'बरं'चा राग होता.

मी तिला फोन लावला.

"तुझ्या दाराशी आहे," ती म्हणाली. "कुलूप आहे."

"अगं, कामावर अडकले. इकडंच ये, हवेलीत."

"राहू दे. उगाच तुला त्रास." फोन बंद.

मग माझा पाय एका जागी ठरेना. अंगणातून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून देवडीवर. दिवाणखान्यात दोरीच्या आत नवरोजची मांडणी होती: सफरचंद, लसूण, व्हिनेगर, हिरवे गव्हांकुर, वाडग्यात लाल मासा. एका बाईनं सफरचंद उचलून वास घेतला. "खानम, ते बघायचं आहे, खायचं नाही," मी खेकसले. नवरोजच्या दिवशी पाहुण्यावर खेकसायचं म्हणजे वर्षभराची बेगमी झाली.

आमच्या दारावर दोन कड्या आहेत, पुरुषांसाठी जाड दांडा आणि बायकांसाठी बारीक कडी. आवाजावरून आतल्यांना कळायचं, दार कुणी उघडायचं ते. आता येणारी पोरं नुसता दांडा बडवतात. दर ठोक्याला मी उठायचे, दर वेळी पोरंच.

पाहुणे दिवाणखान्यात गोळा झाले. कुणीतरी मोबाईलवर रेडिओ लावला. प्रार्थना सुरू झाली, म्हणजे आता कुठल्याही क्षणी तोफ होऊन वर्ष पालटणार. आणि बारीक कडी वाजली.

मी धावले. अफसर दारात होती, बसच्या धुळीनं माखलेली, हातात गुलाबपाण्याची बाटली.

"गर्दी आहे तुझ्याकडे," ती म्हणाली. "मी फक्त सलाम करायला आले. आत येत नाही. जाते."

माझ्या ओठांवर 'बरं' आलं होतं. तिनंच मला दिलेलं, दोन वर्षं सांभाळून ठेवलेलं. परत करायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. तिच्या डोळ्यांतही दिसलं की तिला तेच अपेक्षित आहे.

मी आग्रह केला नाही. तिचं मनगट धरलं आणि उंबऱ्याच्या आत ओढलं. त्याच क्षणी रेडिओवर तोफ झाली, वर्ष पालटलं, आत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले.

"सोड, आबजी," अफसर म्हणाली. "दुखतंय."

खरंच दुखतंय की नुसती रीत म्हणून म्हणतेय, मला कळेना. ती तीनदा म्हणाली. मी सोडलं नाही.