तीस अंश

माझा प्रोग्रॅम पडद्यावर सुरू झाला, तेव्हा मी अक्षरशः हवेत होते. आधी घेतलेला वर्गाचा व्हिडिओ, प्रत्येक डोक्याभोवती चौकट. मान फळ्याकडे असेल तर चौकट हिरवी. तीस अंशांपेक्षा जास्त वळली की लाल. तीस हा आकडा माझाच.

"अगं, तू तर शास्त्रज्ञच झालीस!" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "शास्त्रज्ञ ताई, आमच्यावर पाळत ठेवता होय!"

आणि मग टिकली लाल झाली. टिकली म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, एवढीशी म्हणून टिकली. खाली आकडा आला: लक्ष नाही, एक्काहत्तर टक्के.

वर्ग फिदीफिदी हसला. "खिडकीत काय ठेवलंय गं?"

बाईंच्या भुवया चढल्या. "उभी राहा. माझ्या तासाला रोज खिडकीकडे बघतेस?"

टिकलीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवा कान पुढे करायचा, म्हणून ती तोंड डावीकडच्या खिडकीकडे वळवते. हे अख्ख्या शाळेत फक्त मला माहीत होतं. पाचवीत तिनं मला शपथ घातली होती आणि तेव्हापासून मी तिच्या उजवीकडे बसते.

खरं सांगू? आदल्या दिवशी घरी तपासताना ती लाल चौकट मी पाहिली होती. कारणही लगेच कळलं होतं. पण सगळेच हिरवे दिसले तर गंमत काय, असं वाटलं. म्हटलं, नंतर बघू.

आता "बाई, प्रोग्रॅम चुकलाय" एवढंच म्हणायचं होतं. एरवी माझं तोंड म्हणजे धावतं चाक! पण दातखीळ बसली. बाई नुकत्याच मला शास्त्रज्ञ म्हणाल्या होत्या ना.

शेवटी टिकलीच बोलली. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, बाई. मी तिकडे बघते तेव्हाच ऐकत असते."

कुणी हसलं नाही. बाई हळूच म्हणाल्या, "बस, बाळा." टिकलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी आली होती. बाकाच्या उजव्या टोकाला बसली होती, माझ्या जागेवर. माझ्यासाठी डावीकडची जागा मोकळी.

मी बसले. "टिकले, चुकलं गं माझं," मी पुटपुटले.

तिची मान सरळ फळ्याकडे. माझ्या प्रोग्रॅमनं तिला हिरवी चौकट दिली असती.