सहावं वाक्य

"काकू, हा म्हातारा फारच बोलतो हो." कंपनीची तरुण प्रमुख माऊसवर टकटक करत होती. "दार उघडायचं सोडून याचं पुराण कोण ऐकणार? कापूनच टाकू."

पडद्यावर दीपगृहाचा रखवालदार पेंगत होता. हा जुना खेळ आता नव्याने निघणार होता. त्यातली कोडी काकूंची, संवाद त्यांच्या भावाचे, दादाचे. नट परवडत नव्हता म्हणून रखवालदाराला आवाजही दादानेच दिला होता. दादा जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा आवाज आता एवढाच उरला होता.

"उद्या सांगते," काकू म्हणाली.

पूर्वी जेवणाच्या टेबलावर खेळ रचताना दोघं बहीणभाऊ बाजारात बसल्यासारखी घासाघीस करत.

"ठमे, एका कुलपामागे सहा वाक्यं दे."

"चार. लोक खेळायला येतात, व्याख्यानाला नाही."

"कुलूप विसरतात गं. किल्ली कुणी दिली, ते लक्षात राहतं."

पाचावर तोडगा निघायचा. तरी दादा हळूच सहावं वाक्य बोलून ठेवायचा, आणि ती ते सापडलं की काढून टाकायची.

दाराची किल्ली मूळ खेळात समोरच खिळ्याला लटकत असे. त्या रात्री काकूने तो खिळा काढला. रखवालदाराच्या फळीवर उपड्या कपांची रांग मांडली आणि एकाखाली किल्ली ठेवली. चुकीचा कप उचलला, की खेळाडू खोलीबाहेर.

दुसऱ्या दिवशी प्रमुखबाई तीनदा बाहेर गेल्या.

"छळ आहे हा, काकू."

"त्याला विचारून बघ की."

त्या मुलीने नाइलाजाने म्हाताऱ्यावर क्लिक केलं. दादाचा जरा घोगरा, निवांत आवाज खोलीत पसरला. वारा, बोटी, गुडघेदुखी. मग: "बायको गेली. तिचा कान तुटलेला कप मात्र रोज विसळतो. सवय."

मुलीचा हात माऊसवर थांबला. तिने कान तुटलेला कप शोधून उचलला. दार उघडलं.

"आता नाही कापता यायचं," ती हसत म्हणाली. पण दारातून आत न जाता तिने पुन्हा म्हाताऱ्यावर क्लिक केलं.

"बस की जरा. घाई काय आहे?"

"हे कशाला, काकू? यात तर काहीच खूण नाही."

"नाही." काकू पडद्याकडेच बघत होती. "सहावं आहे ते. राहू दे."