बनवणाऱ्यानं खाली झोपावं

मी दांडा बोलतोय. लोखंडी दांडा, सव्वातीन फूट लांब, मनगटाएवढा जाड आणि एका टोकाला तुटका. सध्या पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत पडलो आहे. अंगाला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय, तिच्यावर 'मुद्देमाल' असं लिहिलंय. शेजारी एक चोरीची सायकल आहे, ती मालकाच्या आठवणीनं दिवसभर रडत असते. मला रडू येत नाही. माणसांची कीवही मला फारशी येत नाही, आणि का येत नाही तेच सांगायचं आहे.

माझा जन्म खाणीतला म्हणा. नाकाडोंगरीकडच्या एका मँगनीजच्या खाणीत मी यंत्राचा जाड नळ होतो. यंत्र मोडीत निघालं, मी भंगारात आलो आणि तिथून गुलाब मिस्त्रीनं मला उचललं. नखानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि बायकोला म्हणाला, "रिता, हा माल अस्सल आहे." तेव्हा आधीच सांगून ठेवतो, माझ्या अंगात खोट नव्हती.

गुलाबचं वेल्डिंगचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला चार पत्रे. रिता जेवणाचा डबा घेऊन यायची आणि मग कामालाच लागायची. दोन लोखंडं जोडायची तर आधी त्यांच्या कडा तिरप्या घासून खाच काढावी लागते, म्हणजे वितळलेला रस पार आतपर्यंत उतरतो. गुलाब खाच काढायचा तेव्हा दुसरं टोक रिता धरायची. आठ वर्षं तिनं टोकं धरली. खाचेशिवाय गुलाबनं साधं फाटकसुद्धा कधी जोडलं नव्हतं.

मग आला प्रफुल्ल. राइस मिलवाल्या भोजराजशेठचा एकुलता एक, लाडानं पार वाया गेलेला. बापाची जुनी जीप त्याला डोंगरदऱ्यांत घालायची होती. "पाटे काढून फेक, चार दांड्यांवर बसव, वर स्प्रिंगा दे," म्हणाला. पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या थरांवर, गाडी ताठ चालते. दांड्यांवर बसवली की एक चाक छातीएवढं वर चढलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत.

दांड्यांचं माप प्रफुल्लनंच मोबाइलमध्ये पाहून सांगितलं. गुलाब म्हणाला, "भाऊ, एक इंच कमी पडन." प्रफुल्ल म्हणाला, "तुले जास्त समजते काय?" शेवटी गुलाबनं प्रफुल्लच्याच मापाचे दांडे केले. गाडी वळली आणि मागचं चाक पत्र्याला घासलं. प्रफुल्ल खाली उतरला आणि गुलाबच्या कानाखाली वाजवली. रिता तेव्हाच डबा घेऊन येत होती.

"काहून बे, माप कोणाच्या बापाचं घेतलं?" असं म्हणून त्यानं गुलाबच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, त्याच दुपट्ट्यानं गुलाबला चाकाचा चिखल पुसायला लावला. रिता तिथंच खाली बसली आणि डबा उघडला. "अजी, जेवून घ्या," एवढंच म्हणाली. मार गुलाबनं पचवला असता, पण तिनं पाहिलं हे त्याला पचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंचभर लांब नवे दांडे करायला घेतले आणि माझी पाळी आली. रिता टोक धरायला आली तर गुलाब म्हणाला, "आज नको. तू घरी जाय." आठ वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या टोकाला गाडीत अडकवायची कडी जोडताना त्यानं खाच काढली नाही. करंट कमी ठेवला. आत पोकळ ठेवून वरून असा देखणा थर चढवला, मग घासून आणि काळा रंग मारून असा चकचकीत केला की दुसऱ्या मिस्त्रीनंसुद्धा शाबासकी द्यावी. खोटं काम खरं दिसायला फार मोठा कारागीर लागतो. रंग वाळल्यावर माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "इथं नको तुटू. टेकडीवर जाऊन सोड त्याले."

मला काय, मी तयार होतो.

पण दिवाळी झाली आणि मंडया लागल्या. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आज या गावात, उद्या त्या गावात. ढोलावरच्या नाचगाण्याची दंडार, रात्रीचं नाटक, आकाशपाळणे, पाहुण्यांची ही गर्दी. प्रफुल्ल टेकडी विसरला आणि मंडईत तमाशा दाखवायला लागला. लाकडी ओंडके रचायचे, जीपचं मागचं एक चाक त्यांच्यावर चढवायचं. गाडी अशी वाकडी की बायका तोंडावर पदर घेत.

पहिल्याच मंडईत कोणीतरी मागून म्हणालं, "तुटन हे." प्रफुल्लनं माइक ओढला. "ज्यानं बनवलं थोच खाली झोपन. ये गुलाब."

गुलाबचं तोंड राखेसारखं झालं. "भाऊ, माही तब्येत बरी नाही."

"मंग रिताले बोलाव. नवऱ्याच्या कामावर तिचा तरी भरोसा असन."

लोक हसले. गुलाब जाऊन झोपला. बरोबर माझ्याखाली. खरं सांगू, त्याचे डोळे पाहून मला मौज वाटली. खड्डा खणणारा त्यात उतरताना पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या दिवशी मी तुटलो नाही. दयेनं नव्हे, वरचा थर अजून धरून होता.

संध्याकाळी गुलाब गयावया करत होता. "भाऊ, दोन दिवस गाडी दुकानात ठेवा. ग्रीस मारून देतो." प्रफुल्ल म्हणाला, "मंडई संपू दे." खरं बोलायची सोय नव्हती. 'तुम्हाला मारायला ठेवलं होतं' हे कोण कोणाला सांगतो?

मग एक गोष्ट घडली, ती मला अजून कळलेली नाही. भोंग्यावरून 'उस्ताद गुलाब' अशी हाक यायला लागली. पवनीहून, भंडाऱ्याहून जीपवाले त्याचा नंबर मागायला लागले. ज्याला कालपर्यंत लोक 'ए वेल्डिंग' म्हणत, त्याच्यासाठी टाळ्या पडायला लागल्या. दुसऱ्या मंडईत तो थरथरत झोपला, तिसऱ्यात नुसता डोळे मिटून. पाचव्यात तोच दुपट्टा घडी करून डोक्याखाली घेतला आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा दाढेत दाबून लोकांना हात दाखवला. माणूस कशालाही सरावतो बघा, स्वतःच्या मरणाखाली झोपायलासुद्धा.

सातव्या मंडईनंतर प्रफुल्लला काय वाटलं कोण जाणे, किल्ली पुढे करून म्हणाला, "घे, दोन दिवस ठेव. काय पाहाचं थे पाहून घे."

गुलाबनं माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो.

"काही गरज नाही भाऊ," तो म्हणाला. "पक्की आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटायला लागलं होतं. अरे बाबा, टाळ्यांनी कुठं जोड पक्का होतो?

नवव्या मंडईला त्यानं रितालाही आणलं. "एकदा येऊन पाहून तर घे, लोक मले काय म्हणतात थे." ती पुढच्या रांगेत बसली, नवी साडी नेसून. गुलाब झोपला, तिच्याकडे पाहून हसला. चाक ओंडक्यांवर चढलं आणि माझ्या टोकाशी कट् असा बारीक आवाज झाला. लोकांना ऐकू आला नाही. वेल्डिंगवाल्याला आवाज कळतो. गुलाबचं हसू तसंच राहिलं आणि डोळे माझ्याकडे वळले. मग चाक घसरलं आणि गाडी त्याच्या छातीवर बसली. पलीकडे दंडारीचा ढोल बराच वेळ वाजतच होता.

पंचनामा झाला. तपासणाऱ्या साहेबांनी लिहिलं, जोड कच्चा, कारागिराचा निष्काळजीपणा. प्रफुल्लनं जबाब दिला, "मी तर किल्ली देऊन राहिलो होतो. थोच नाही म्हणाला." अन् त्या टग्याचा शब्द न् शब्द खरा होता.

काल रिता ठाण्यात आली. हवालदारानं 'जोड कच्चा' लिहिलेला कागद पुढे केला, पण ती सही करेना. "त्याइचं काम कच्चं नसते, साहेब. आठ वर्षं मी टोकं धरली आहेत. कोणाचंही सांगा, त्याइचं नाही."

"मग बाई, हे पाहा," म्हणून हवालदारानं मला तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं माझ्या तुटक्या टोकावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. कड सरळ होती. खाच नव्हती. बोट तिथंच थांबलं. 'आज नको, तू घरी जाय' तिला आठवलं असणार, आणि त्याच्या आदल्या दिवशीचा डबाही.

"मग? नेहमीच्यासारखंच आहे काय काम?" हवालदारानं विचारलं.

रितानं मला खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"नाही साहेब," ती म्हणाली. "कच्चंच आहे. हात कच्चा होता त्याइचा. लिहून घ्या." आणि तिनं सही केली.

एवढीच माझी कथा. खटला संपला की मला लिलावात काढू नका, सरळ भट्टीत टाका. रिता आता कोणाजवळ बोलणार नाही. पण माझं तुटकं तोंड उघडं आहे, आणि जाणत्यानं बोट फिरवलं की त्याला कळतं.