मांडवातली नावं

मालतीबाईंनी पदराला लावलेला इवलासा माईक उपटला आणि हळदीच्या ताटात टाकला.

"मी नाय गानार."

सारसोळ्याच्या खाडीकाठी घातलेल्या मांडवातले सगळे वळून बघू लागले. शूटिंगचा पहिलाच दिवस. पाटावर बाशिंग बांधून बसलेल्या नटीला घरी नवरा होता, शाळेत जाणारी मुलगी होती. नट कुणाचा कोण, देव जाणे. फक्त मांडवाच्या कडेला बाईंचे यजमान प्लास्टिकच्या खुर्चीत फुकटचा चहा पीत निवांत बसले होते.

दिग्दर्शक शौनक समजूत घालत होता, की मावशी, हे सगळं खोटंच आहे. ते बाईंनाही दिसत होतं, डोळे फुटले नव्हते. पण धवला खोटा कसा गायचा? आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवला गात देवांना बोलावते, मग नवरानवरीची नावं घेते, की लग्न लागलंच. भटजी नंतरचा. बाईंनी अर्ध्या गावाची लग्नं लावलेली; आता परक्याची बायको दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची?

शौनकनं कथेतली नावं घ्यायला सुचवलं.

"त्या नावाची मानसंच नाय. देव आल्यावर काय सांगू त्यांना, नवरानवरी चा प्यायला गेलीत?"

सगळे हसले. दिपेश हसला नाही. बाईंचा मुलगा, चित्रपटाचा लेखक. पहिली कादंबरी त्यानं तुर्भ्याच्या कारखान्यात पाळी करून लिहिली. पाहुण्यांनी पेढे खाल्ले, पुस्तक कुणी उघडलं नाही. मग वर्षानुवर्षं मालिकांचे संवाद, ज्यांत सुना नुसत्या जिने चढायच्या आणि उतरायच्या. आता कुठे त्याच्याच कादंबरीवर, त्याच्याच गावावर चित्रपट होत होता. धवला झाला नाही तर तिथं बँडबाजा टाकू आणि पटकथा दुसऱ्याकडून नीट करून घेऊ, असं शौनक सकाळीच गोड आवाजात बोलून गेला होता.

दिपेश आईजवळ उकिडवा बसला.

"आये, नको गाऊस. मी सीन बदलतो."

बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. न विकलेल्या पुस्तकांचे गठ्ठे परत आले तेव्हा ते खाटेच्या पायांखाली सारताना त्याचं तोंड असंच होतं. खाट उंच हवीच होती, म्हणाला होता.

"तो माईक दे हिकरं."

बाईंनी सूर लावला. खाडीचा देव आला, वेशीवरचा आला, कार्ल्याची एकवीरा आली. मग नावांची जागा आली. बाईंनी दम घेतला, पदर डोक्यावर ओढला.

नवरी झाली मालती गो, नवरा कमळाकर.

खुर्चीतल्या कमळाकरांचा कप ओठांशीच थांबला. 'अवो' म्हणत सगळा संसार झाला. उखाणा सोडला तर हे नाव त्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं.

गाणं संपलं तसा शौनकनं पटकथेचा कागद वर केला. त्यातली नावं वेगळी होती. दिपेशनं तो त्याच्या हातातून घेतला आणि उभ्याउभ्याच दोन्ही नावं खोडून वर नवी लिहिली.

"पहिलाच दिवस आहे. हीरोचं नाव आता कमळाकर."

शौनकनं पुन्हा एकदा वाचलं, मान हलवली. दिपेश तिथंच जमिनीवर बसला आणि डोळे पुसत हसू लागला.

"हसतोस काय," बाई म्हणाल्या. "आमचं लागलेलंच हाय. परत लागलं तर कुनाचं काय जातंय?"

तेवढ्यात आवाजवाला म्हणाला, मध्येच होडीचं इंजिन वाजलं, पुन्हा घ्यावं लागेल.

कमळाकरांनी कप खुर्चीखाली ठेवला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि ते ताठ बसले.